कोकमतेल, करडई आणि त्वचेतलं पाणी

कोकमतेलाचा छोटा गोळा तळहातावर घ्या आणि मूठ मिटून पाच मिनिटं थांबा. हिवाळ्यात थिजलेलं खोबरेल बोट लागताच पाघळतं. कोकमतेल तसं करत नाही. गोळा बाहेरून थोडा बुळबुळीत होतो, पण गोळाच राहतो. कारण साधं आहे. आपल्या त्वचेच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंश सेल्सिअस असतं, खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं आणि कोकमतेलाला ३८ ते ४२ अंश लागतात.

कोकणातल्या घरांनी या गुणाचा उपयोग फार पूर्वीच करून घेतला. टाचांना भेगा पडल्या की रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवायचे, घासून स्वच्छ करायचे, मग कोकमतेलाचा तुकडा पळीत घेऊन निखाऱ्यावर धरायचा आणि वितळलेलं तेल सोसवेल इतकं कोमट झालं की भेगेत सोडायचं. टाच कोकमतेलाच्या वितळणबिंदूपेक्षा थंड असते, म्हणून ते भेगेतच थिजतं. भेग बुजते आणि सकाळपर्यंत बुजलेली राहते. खोबरेल तिथे टिकलं नसतं. ते अंथरुणाला पुसून गेलं असतं.

या उपायातला दुसरा भाग लोकांच्या लक्षात राहिला, पहिला मागे पडला. कोमट पाण्याचा भाग. आणि त्वचेच्या दृष्टीनं तोच निम्मा उपचार आहे.

१९५२ साली अमेरिकेत बोस्टनच्या अर्विन ब्लँक या संशोधकानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यानं कडक, वाळलेल्या घट्ट्याचे तुकडे घेतले आणि ते तेलात बुडवून ठेवले. तुकडे तेलानं माखले, पण कडकच राहिले. वाकवले तर मोडत होते. तसेच तुकडे पाण्यात ठेवले तर मऊ पडले, वाकू लागले. तोवर समजूत अशी होती, आणि जाहिरातींमुळे आजही आहे, की कोरडी त्वचा म्हणजे तेल कमी पडलेली त्वचा. ब्लँकनं दाखवून दिलं की त्वचेचा मऊपणा पाण्यात आहे. तेलाचं, लोण्याचं, बटरचं काम ते पाणी आत अडवून धरण्याचं.

हे एकदा मनात पक्कं बसलं की घरी बॉडी बटर करताना काय घालायचं, काय टाळायचं आणि ते कधी लावायचं, याची बहुतेक उत्तरं आपोआप मिळतात.

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. अंगावर बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकी. त्यात मृत, चपट्या पेशींचे पंधरा-वीस थर एकावर एक रचलेले असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या पीटर एलियास यांनी या रचनेला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती आज पाठ्यपुस्तकांत आहे: पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त स्निग्धाम्लं यांचं मिश्रण. पाणी विटांमध्ये मुरलेलं असतं, चुना ते बाहेर पडू देत नाही. तरीही थोडं निसटतंच. घाम न येताही आपल्या त्वचेतून दिवसाला काहीशे मिलिलिटर पाणी वाफ होऊन जातं. डिसेंबरातल्या पुण्याच्या किंवा नाशिकच्या कोरड्या हवेत, कढत पाण्याच्या आणि भरपूर साबणाच्या आंघोळीनंतर हा चुना धुपतो आणि गळती वाढते. त्वचा पांढरट दिसते, ओढल्यासारखी होते, नखानं रेघ ओढली तर उमटते.

टाचांची परिस्थिती आणखी बिकट. तळव्यांवर आणि तळहातांवर तैलग्रंथी नसतातच. अंगावर इतरत्र त्वचा स्वतःचं थोडं तेल स्वतःच सोडते, तळव्यांना ती सोय नाही. वरचा थर तिथे सर्वांत जाड, त्यावर सगळ्या शरीराचं वजन. वाळलेला जाड थर वजनानं फाकला की भेग पडते. अनवाणी किंवा उघड्या टाचेच्या चपलेत दिवस काढणाऱ्या बायकांच्या टाचा सर्वांत आधी फुटतात, त्याचं कारण हे.

जगात बॉडी बटर म्हणून जे विकलं जातं, त्याचा पाया बहुधा शिया किंवा कोको बटरचा असतो. शियाचं झाड पश्चिम आफ्रिकेतल्या माळरानावरचं. घाना, बुर्किना फासो, माली इथल्या बायका त्याच्या बिया गोळा करतात, भाजतात, दळतात आणि तो लगदा पाण्यात हातानं घुसळत राहतात, शेवटी स्निग्धांश वर तरंगून येतो. ही पद्धत वाचली तेव्हा मला प्रथम आठवलं ते कोकण. तिथेही कोकमाच्या बिया फोडून, गर कुटून, पाण्यात उकळतात किंवा रात्रभर भिजवून रवीनं घुसळतात. वर आलेला स्निग्धांश काढून घेतात आणि थिजू लागला की हातानं त्याचे गोळे वळतात. एकमेकींची गाठ कधीही न पडलेल्या बायकांनी दोन खंडांत एकच युक्ती शोधली. लोणी काढायला जे करावं लागतं, तेच इथेही करावं लागतं.

कोकमाचं झाड, गार्सिनिया इंडिका, पश्चिम घाटाचं. महाराष्ट्राचं कोकण, गोवा, कर्नाटकाची किनारपट्टी आणि केरळचा काही भाग हे त्याचं घर. फळाला कोणी रातांबा म्हणतं, कोणी भिरंड. गोव्यात त्याच्या तेलाला भिरंडेल म्हणतात, सिंधुदुर्गात मुठेल. भिरंड हा शब्द तर शास्त्रीय नावापर्यंत जाऊन आला आहे: या झाडाचं एक जुनं लॅटिन नाव ब्रिंडोनिया इंडिका असं होतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या सुधारित जाती दिल्या, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या साऱ्या कौतुकात लक्ष असतं ते सालीवर. सालीचं आमसूल होतं, रसाचं आगळ आणि सरबत, सोलकढी तर कोकणाची ओळखच. बिया मात्र बऱ्याच घरांत परसात फेकल्या जातात. वाळलेल्या बीच्या वजनात साधारण पाव भाग स्निग्धांश असतो, हे ठाऊक असून.

या स्निग्धांशाचं रसायन देखणं आहे. त्यातल्या आम्लांत अर्ध्याहून जास्त वाटा स्टिअरिक आम्लाचा आणि जवळपास ३५ ते ४० टक्के ओलिक आम्लाचा. स्टिअरिकची साखळी सरळ, काठीसारखी. ओलिकच्या साखळीला मधोमध बाक. कोकमतेलातल्या बहुसंख्य रेणूंमध्ये दोन्ही कडांना स्टिअरिक आणि मध्ये ओलिक अशी मांडणी असते. सगळे रेणू जवळजवळ सारखे असल्यामुळे रचलेल्या लाकडांच्या मोळीसारखे ते घट्ट बसतात. म्हणून कोकमतेल ठिसूळ, खडूसारखं तुटणारं, आणि म्हणूनच हवेशी त्याची लवकर अभिक्रिया होत नाही. ते खवट व्हायला वेळ लागतो. कोको बटरची घडणही याच नात्यातली आहे. २००० साली युरोपीय संघानं चॉकलेटबाबत जो कायदा केला, त्यात कोको बटरव्यतिरिक्त ५ टक्क्यांपर्यंत वापरायला फक्त सहा वनस्पतींच्या स्निग्धांना परवानगी दिली. त्या सहांत सालवृक्ष आहे, आंब्याची कोय आहे आणि कोकम आहे. जे आपण परसात टाकतो, ते तिकडे कायद्याच्या यादीत नावानिशी नोंदलेलं आहे.

पण नुसतं कोकमतेल अंगाला लावता येत नाही. त्वचेवर ते वितळत नाही, ओढून पसरावं लागतं. त्याला मऊ करायला पातळ तेल हवं. इथे बहुतेक जण ऑलिव्ह किंवा बदामाच्या तेलाकडे वळतात. माझं मत वेगळं आहे, आणि ते एका जुन्या प्रयोगावरून बनलेलं आहे.

१९२९ साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या अमेरिकन दांपत्यानं उंदरांना स्निग्ध पदार्थ पूर्ण वगळलेला आहार दिला. काही काळानं उंदरांची कातडी कोंड्यासारखी सुटू लागली, शेपट्या खवल्यांच्या झाल्या, आणि ते नेहमीपेक्षा खूप जास्त पाणी पिऊ लागले. त्वचेतून पाणी गळत होतं म्हणून ते पीत होते. आहारात लिनोलेइक आम्ल आलं की उंदीर बरे होत. पुढे कारण कळलं: विटांमधल्या चुन्यातलं एक महत्त्वाचं सेरामाइड बनवायला त्वचेला लिनोलेइक आम्लच लागतं आणि ते शरीर स्वतः तयार करू शकत नाही. कोकमतेलात लिनोलेइक जेमतेम असतं. ऑलिव्ह तेलात ओलिक भरपूर. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रौढ स्वयंसेवकांच्या हातावर काही आठवडे रोज ऑलिव्ह तेल लावलं, तेव्हा त्वचेचा बांध कमकुवत झाला आणि किंचित लालीही आली; सूर्यफुलाच्या तेलानं तसं झालं नाही.

लिनोलेइक आम्लानं सर्वांत समृद्ध तेलांपैकी एक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर निघत आलं आहे. करडईचं. नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलेइकचं प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे असतं. सोलापूर, मराठवाडा हा या पिकाचा मुलूख. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं त्यावर अनेक वर्षं काम केलं आहे. कोरडवाहू जमिनीतलं हे काटेरी पीक गेल्या काही दशकांत मागे पडलं, घाणेही कमी झाले, याची खंत वाटते. कोकणातली बी आणि पठारावरची बी एकत्र आणली तर आपल्या हवेला आणि कातडीला मानवणारं बटर होतं. बाहेरून काही मागवावं लागत नाही.

प्रमाण असं ठेवा: १०० ग्रॅमसाठी कोकमतेल ४० ग्रॅम, करडईचं तेल ४० ग्रॅम, खोबरेल २० ग्रॅम. वजन काट्यावर करा, वाटी-चमच्याच्या मापानं नको. घन कोकमतेल वाटीत नेमकं मोजता येत नाही. मुंबई-कोकणात एप्रिल-मे महिन्यांत हे मिश्रण सैल पडेल. तेव्हा कोकमतेल ५० ग्रॅम करून खोबरेल १० वर आणा, कारण तिथल्या उन्हाळ्यात खोबरेल पातळच असतं, त्याचा आधार मिळत नाही. करडई न मिळाल्यास तिळाचं तेल घ्या. त्यात लिनोलेइक कमी, पण तिळाची स्वतःची संरक्षक द्रव्यं असल्यामुळे ते जास्त टिकतं.

आता कृती, आणि इथे घट्ट होण्याचं शास्त्र कामाला येतं. कोकमतेल किसून किंवा फोडून स्टीलच्या कोरड्या भांड्यात घ्या, ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. वितळलं की लगेच उतरवू नका. पंधरा-वीस मिनिटं तसंच गरम राहू द्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक स्फटिकही उरणार नाहीत. मग बाकीची तेलं घालून ढवळा.

घरच्या बटरबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे ते रवाळ होतं. आठवड्याभरात हाताला वाळूसारखे कण लागतात. साजूक तूप करणाऱ्या कोणालाही याचं उत्तर माहीत आहे, फक्त ते उलटं लावायचं. तुपाला रवा हवा असतो, म्हणून आपण ते कढवल्यावर हलवत नाही, सावकाश निवू देतो. सावकाश निवताना जास्त तापमानाला थिजणारे रेणू आधी एकत्र येतात आणि त्यांचे मोठे दाणे बनतात. बटरला रवा नको. म्हणून ते झटपट थंड करायचं आणि सतत ढवळत राहायचं. परातीत बर्फाचं पाणी घ्या, त्यात भांडं ठेवा, आणि कडा-तळ खरवडत हलवत राहा. मिश्रण आधी धुरकट होतं, मग पातळ श्रीखंडासारखं. तेव्हा ते बाहेर काढून रवीनं किंवा हातातल्या बीटरनं फेटा. नानकटाईसाठी तूप फेसताना जे होतं, तेच इथे होतं: हवेचे बारीक बुडबुडे अडकतात, स्फटिक त्यांच्याभोवती कड धरून बसतात, रंग पांढराशुभ्र होतो आणि आकारमान वाढतं. वजन तेवढंच राहतं. बाजारातली फुगीर बरणी घेताना म्हणूनच मिलिलिटर न पाहता ग्रॅम पाहावेत.

बर्फाच्या पाण्याचा एकही थेंब आत जाऊ देऊ नका. या बटरमध्ये पाणी नाही, हेच त्याचं संरक्षण आहे. जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागतं. कोरड्या स्निग्धात त्यांना काही करता येत नाही. कोरफडीचा ताजा गर, गुलाबपाणी, दूध, मध असं काही त्यात घातलं की काही दिवसांत बुरशी धरते, आणि ती डोळ्यांना दिसण्याआधीच वाढू लागलेली असते. जे पाणी त्वचेला द्यायचं ते आंघोळीतून द्या, बरणीतून नको. आयुर्वेदात शतधौत घृत आहे. तूप पाण्यानं शंभर वेळा धुऊन केलेलं पांढरं मलम, दाह शमवण्यासाठी. त्यात पाणी अडकलेलं असतं आणि म्हणूनच ते थोडं करून ताजं वापरण्याची गोष्ट आहे. लोणच्याच्या बरणीला लावतो तोच नियम इथे लावा: बरणी उन्हात तापवलेली, चमचा कोरडा, ओलं बोट आत नाही.

जिवाणूंपासून सुटलो तरी हवा उरते. करडईतलं लिनोलेइक त्वचेला जितकं हवंसं, तितकंच हवेला. ते ऑक्सिजन पकडतं आणि खवट होतं. म्हणून एका वेळी १०० ग्रॅमच करा, गडद रंगाच्या काचेच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवा आणि दोन-अडीच महिन्यांत संपवा. जुन्या शेंगदाण्याचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर टाकून द्या. औषधाच्या दुकानातली ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून आत पिळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्या कॅप्सूलमध्ये बहुतेकदा टोकोफेरिल ॲसिटेट असतं. तेलाचा खवटपणा रोखणारं रेणूचं टोक त्यात झाकलेलं असतं, ते शरीरात गेल्यावर मोकळं होतं, बरणीत नाही. हवं ते साधं टोकोफेरॉल, आणि तेही अर्ध्या टक्क्याच्या आत.

सुगंधाबाबत मी कडक आहे. सुगंधी अर्क घालू नका, निदान पहिल्यांदा तरी. लिंबाच्या सालीचा घाण्यावर काढलेला अर्क त्वचेवर असताना ऊन लागलं तर काळे डाग आणि फोडही येऊ शकतात. दालचिनी-लवंगेचे अर्क आग करतात. नैसर्गिक आहे म्हणून सौम्य आहे, असं त्वचा मानत नाही. कोकमतेलात ऊन अडवण्याची ताकद असल्याचे दावेही मनावर घेऊ नका.

कुठे लावायचं नाही, हेही स्पष्ट असावं. मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर नाही. खोबरेलानं छिद्रं बुजू शकतात. कोंडा असलेल्या टाळूवर नाही, कारण तिथली बुरशी स्निग्धाम्लांवरच जगते. नायटा, गजकर्ण असेल तिथे नाही. भातलावणीत चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यांवर तेल भरू नका; त्या जागेला कोरडेपणा हवा असतो, आणि औषध. मधुमेह असलेल्यांनी पायाची भेग घरी भरत बसू नये, डॉक्टरांना दाखवावी. रक्त येणारी, खोल भेग असेल तर कोणाहीसाठी हाच सल्ला. जाड झालेल्या टाचेला युरियाचं मलम कोकमतेलापेक्षा चांगलं काम करतं, कारण युरिया स्वतः पाणी धरून ठेवतो आणि कडक थर सैल करतो. पाणी अडवण्यात १८७२ साली पेटंट घेतलेल्या पेट्रोलियम जेलीलाही कोणतंच वनस्पतिजन्य बटर हरवू शकत नाही. तरीही त्वचेला लिनोलेइक देणारं, हाताला मऊ लागणारं आणि आपल्या झाडांपासून होणारं बटर मला जवळचं वाटतं. त्याच्या मर्यादा सांगून ते वापरायला सांगण्यात मला कमीपणा वाटत नाही.

नवीन बटर आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहा. मग आंघोळ झाली की अंग खसाखसा पुसू नका. पंचानं टिपून घ्या, त्वचेवर ओल राहू द्या आणि तीन-चार मिनिटांत वाटाण्याएवढं बटर दोन्ही तळहातांत चोळून हाता-पायांवर पसरा. वाळलेल्या कातडीवर लावलेलं बटर कोरडेपणावर झाकण घालतं, एवढंच. टाचांसाठी जुनीच रीत ठेवा: रात्री दहा मिनिटं कोमट पाणी, मग नुसतं वितळवलेलं कोमट कोकमतेल, वर सुती मोजे.

आणि येत्या मे महिन्यात रातांबे आणले, सरबतासाठी साली काढल्या, की बिया फेकू नका. त्यांना चिकटलेला गर धुऊन टाका, उन्हात खडखडीत वाळवा आणि डब्यात भरून ठेवा. दिवाळीनंतर थंडी पडली की त्या फोडा, कुटा आणि पाण्यात उकळा. भांडं रात्रभर झाकून ठेवलंत तर सकाळी पाण्यावर पांढरट थर थिजलेला दिसेल.